गाडी अंगणातच होती

दादा, तुझी गाडी अंगणातच होती.

एवढं आधी लिहून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि नेमकं हेच राहील. रोज चिंचेखाली असते तिथंच तुझी जीप उभी होती. तिच्या बॉनेटवर हात ठेवून तू मला विचारत होतास, "शालू, माझी गाडी कुठं गं गेली?" पाच वेळा मी मशीनवरून उठून आले, "ही काय, तुझ्या हाताखाली हाय" म्हणून दाखवली. सहाव्यांदा विचारलंस तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, लग्नघराचे ब्लाऊज पुढ्यात पडले होते आणि डोकं फिरलं होतं. मान वर न करता म्हटलं, "गॅरेजला गेलीय, नसरापूरला." तू म्हणालास, "मंग ठीकाय."

तू चपला घातल्यास ते मला ऐकू आलं. मी उठले नाही.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला सगळी भावकी जमली होती. जो तो म्हणत होता, बिचारा भरकटला. मी पंगतीला वाढत होते. तू भरकटला नव्हतास. तू गाडी आणायला निघाला होतास आणि तुला मी धाडलं होतं. हे मी आईला सांगितलं नाही, मयुरीला तर नाहीच. तुझ्या पोरीच्या समोर जेवायला बसायचं टाळतेय, म्हणून तुलाच सांगतेय. कागद शोधायला उठायचा कंटाळा आला, गिऱ्हाइकांच्या मापाची वही पुढं ओढली. तुझ्या नशिबी माझा कागदसुद्धा असला.

तुला आठवतंय का, असं लिहिणार होते आणि हात थांबला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना, त्यांना 'आठवतंय का' विचारू नका, त्रास होतो त्यांना. आता विचारलं तरी चालेल बहुतेक.

तर आठवतंय का, लहानपणी आपल्याला एकच गोष्ट सांगायचे. आपल्या घराला खिंडीतला चकवा लागलाय. आजा चाळिशी उलटली तसा स्वतःच्या खाचरात उभा राहून "हे भात कुणाचं?" विचारायला लागला. मग त्याचा लेक, आपले अण्णा. वेल्ह्याच्या बाजारातनं निघाले, ते तिसऱ्या दिवशी भाटघरला धरणाच्या कडेला बसलेले सापडले. मी दहा वर्षांची होते. आईनं त्यांना घरात घेतलं आणि आधी काय केलं असेल, तर त्यांचा सदरा काढून उलटा करून परत घातला. पाणी नंतर दिलं. चकवा माणसाला त्याच त्या वाटेनं फिरवतो, कपडे उलटे केले की त्याला माणूस ओळखू येत नाही, मग तो सोडतो, हे आपल्या वाडीतलं शेंबडं पोर सुद्धा सांगेल. अण्णांना चकव्यानं सोडलं नाही. पुढची पाच-सहा वर्षं ते उलट्या सदऱ्यात ओट्यावर बसून होते आणि त्यातच गेले. तेव्हा त्यांना पन्नास सुद्धा पुरी नव्हती. तू आणि मी परसात उभे होतो. तू म्हणालास, "शाले, आपल्यातला कोण गं पुढचा?" मी तुला चिमटा काढला. किती जोरात काढला होता, हिरवं-निळं झालं होतं.

म्हणून तर त्या दिवशी पाबे घाटातनं फोन आला तेव्हा तुझा परसातला तो प्रश्नच मला आठवला. वीस वर्षं तू नसरापूर-वेल्हे वडाप चालवलंस, जीप भरून माणसं नेलीस-आणलीस. डोळे बांधले असते तरी गाडी बरोबर नेली असतीस. त्या दिवशी विंझरच्या पुढं वेल्ह्याला जायच्याऐवजी भरलेली गाडी घाटात घातलीस. माणसं ओरडतायत, बाया दार बडवतायत, आणि तू वरपर्यंत गेलास. वर जाऊन उतरलास आणि त्यांनाच विचारलंस, "तुमाला कुठं जायचंय?" लोक म्हणाले, ढोसून आला. आयुष्यात सुपारी खाल्ली नाहीस तू.

घरी आलास तर आई दारातच उभी. "काढ," म्हणाली, "सदरा काढ आधी." तू माझ्याकडं बघितलंस. मी नाही म्हणायला पाहिजे होतं ना? शहाणी म्हणवते स्वतःला, दहावी झालेय, भोरच्या क्लासात शिवण शिकलेय. मी म्हटलं, "आई म्हणतीय तर घाल की. काय जातंय तुझं?"

जायचं ते गेलं. दोन वर्षं गेली. स्टँडवर पोरं हसायला लागली, तर मी काय केलं? तुला दवाखान्यात न्यायचं सोडून तुझ्यासाठी दोन्ही बाजूंनी घालता येईल असा सदरा शिवला. सगळ्या शिवणी आत मुडपून, कुठं दोरा दिसायचा नाही, खिसा आतून एक आणि बाहेरून एक. काय कौतुक झालं माझ्या हाताचं! असे पाच शिवले. सुलटी बाजू कुठली ते मला एकटीला कळावं म्हणून घेराला लाल दोऱ्याची बारीक गाठ मारून ठेवायची. आई खूश, चकवा फसला. गिऱ्हाइकं खूश. आणि तुझ्या डोक्यात आत काय चाललंय, ते बघायला आम्हाला सवड नव्हती. आमच्या अडाणीपणाला मी इतकी सुबक शिलाई घातली, दादा, याची मला आता शिसारी येते.

शेवटी मयुरीच तुला पुण्याला घेऊन गेली, मीही बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी आजा, बाप, तू असं कागदावर आखून दाखवलं. म्हणाल्या, हा अल्झायमरच, पण तुमच्या घरात तो रक्तातनं उतरतो, म्हणून इतक्या लवकर येतो. बापाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, नाणं वर फेकावं तशी. औषध विचारलंस तर खरं ते सांगितलं, बरं करणारं अजून नाही. शोध चालू आहे, त्याला तुमच्यासारखी घरं लागतात, रक्त लागतं, पैसा लागतो. मी तेव्हा खाली बघत होते. नाणं एकदा तुझ्यासाठी फेकलं होतं आणि एकदा माझ्यासाठी. माझं अजून कुणी उचलून बघितलं नव्हतं.

तू मात्र परत येताना गाणी काय म्हणत होतास! मला वाटलं, येडा झाला. घरी येऊन म्हणालास, "आई, चकवा न्हाई. रोग हाय. रोगाला नाव हाय." जसं काय नाव मिळालं म्हणजे लॉटरीच लागली. दुसऱ्या दिवसापासून स्टेअरिंग सोडलंस, एका शब्दात. मयुरीनं लायसन काढलं, ती गाडी चालवायला लागली आणि तू शेजारी बसून बोलायला लागलास. मांडीवर कुलूप लावलेला पत्र्याचा डबा. चढणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचास, "माझ्या आज्याला झालं, बापाला झालं, मला झालंय. तुमच्या घरात कुणी चाळिशीत इसरत आसंल तर त्याचा सदरा उलटा करू नका, दवाखान्यात न्या. आन शोध लावणाऱ्यांसाठी ह्यात काय टाकायचं ते टाका." आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून गाडीच्या मागं लिहून घेतलंस, पिवळ्या रंगात, ही एवढाली अक्षरं: 'माझा आजा विसरला. माझा बाप विसरला. मी विसरतोय. हा चकवा नाही, आजार आहे. विचारा.'

आपलं भांडण तिथनंच सुरू झालं. अर्धवटच राहिलं ते. मी म्हणायचे, "दवंडी पिटतोयस होय रे घराची? पोर लग्नाची हाय. वयनी असती तर तिनं तुला फोडून काढला असता." वहिनी मयुरीच्या लहानपणीच गेली, म्हणून तिच्या नावानं मीच भांडायची. तू म्हणायचास, "लपवून दिली तर पुढच्या घरात बी लपवावं लागंल तिला."

"आन त्या डब्यातनं तुला औषध मिळणार हाय व्हय?"

"मला न्हाई. मयुरीला. न्हाईतर तिच्या पोराला."

"आन मला?"

"तू रक्त दे आधी. मंग बोल."

मी उठून जायची. मला कळून काय करायचंय, असं म्हणायची. तुला सगळ्याचा विसर पडत गेला, माझं रक्त तेवढं विसरला नाहीस. मयुरीचं नाव विसरलास त्या दिवशी सुद्धा मला म्हणालास, "शाले, दिलंस का?"

आणि मग ते सासवडचं स्थळ. मुलगा चांगला, घर चांगलं, मीच जुळवलेलं. पाहुणे त्यांच्या स्वतःच्या गाडीतनं आले. रस्ता कसला तुला माहीत आहे, आणि त्यांच्या पुढं कोण, तर सकाळची फेरी उरकून परत येणारी मयुरी आणि तुझी जीप! नसरापूरपासून मार्गासनीपर्यंत त्यांना पुढं जायला मिळालं नाही. तासभर ती माणसं समोर बघत होती आणि वाचत होती. घरी आली तेव्हा मुलाच्या चुलत्याला ते पाठ झालं होतं. पोहे खाल्ले नाहीत, चहा घेतला, कळवतो म्हणाले. मयुरीनं भरलेल्या बश्या उचलून आत नेल्या. तू उंबऱ्यात बसून हसत होतास, तुला वाटलं प्रवासी आलेत.

चार दिवसांनी मयुरी आईला घेऊन एसटीनं बाजारात गेली, तेव्हा दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट काढला आणि मी तुझी सगळी अक्षरं पुसून टाकली. दोन हात मारले. रागाच्या भरात केलं असं सांगू का? राग नव्हता. थंड डोक्यानं केलं. कडा सुद्धा नीट काढल्या. मयुरीनं येऊन बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मला काय माहीत, तू गाडी अक्षरांवरनं ओळखायचास! नंबर कधीच गेला होता तुझ्या डोक्यातनं, रंगही गेला होता. सकाळी मागं जायचास, बोट लावून वाचायचास आणि मग म्हणायचास, "ही माझी." मी रोज बघत होते की. मला वाटायचं, स्वतःचं नाव कुठं छापून आलं की माणूस वाचतो तसं वाचतोयस. ती अक्षरं जगाला सांगायला होती हे खरं, पण शेवटी शेवटी ती तुझ्यासाठीच होती. मी पुसली आणि तुझी गाडी गेली. तू खोटं विचारत नव्हतास, दादा. खोटं मी बोलले.

थंडी होती. दोन दिवस आख्खी वाडी शोधत होती, नसरापूरपर्यंत, चेलाडी फाट्यापर्यंत. मी सांगितलं असतं की तो नसरापूरच्या गॅरेजला निघालाय, तर फरक पडला असता का? तू रस्त्यानं गेलाच नव्हतास. लहानपणी अण्णा आपल्याला ज्या पायवाटेनं न्यायचे, त्या वाटेनं गेलास, खिंडीतनं. एका धनगराला सापडलास. मी पोहोचले तेव्हा त्यानं तुझ्यावर घोंगडं टाकलं होतं. ताप फणफणला होता. मी घोंगडं सारून सदरा नीट करायला गेले आणि घेराला हात लागला. लाल गाठ आतल्या बाजूला होती.

सकाळी मी स्वतः तुला सदरा घातला होता, सुलटा. गाठ बाहेर. म्हणजे तिथं खिंडीत, कधीतरी, तू तो काढलास आणि उलटा करून घातलास. पोरीचं नाव गेलं, गाडी गेली, आणि एवढं राहिलं होतं तुझ्यात. आपण वाट चुकलोय हे तुला कळलं होतं. एकटा, त्या गारठ्यात, ते कळून तू किती वेळ बसला होतास? हे मी कुणाला विचारू? त्यानंतर तू पाच दिवस दवाखान्यात होतास, डोळे उघडले नाहीस. तिथं सगळ्यांसमोर मी तुझे पाय चेपत बसले आणि कान तुझ्या तोंडाशी नेऊनही सॉरी म्हणाले नाही. शेजारी मयुरी होती ना.

तू मला शिवणयंत्र घेऊन दिलंस. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा भावकी काय काय बोलत होती, तू मार्गासनीहून ते यंत्र गाडीच्या टपावर बांधून आणलंस आणि म्हणालास, "हिला कामं द्या, बोलणं नंतर." तुझ्या त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं ताठ मानेनं जगले. आणि त्याच यंत्रावरनं मान वर करायचा मला कंटाळा आला.

आता हेही सांगते. हे लिहायला कोरं पान शोधत होते, तर मागच्याच पानावर सरपंचबाईंचं माप दोनदा लिहिलेलं आहे. एकाखाली एक, एकाच शाईत. कुणाचंही होईल असं, कामाच्या गडबडीत. गेल्या महिन्यात एका ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या बसवल्या, गिऱ्हाइकानं अंगात घातल्यावर कळलं. डोक्याला ताप किती आहे! कुणाचंही होईल.

भोरहून पिवळा रंग आणलाय. उद्या मंगळवार, उद्या तुझी अक्षरं होती तशी लिहून टाकणार. हिरव्याखाली अजून उठलेली दिसतात, गिरवायला सोपं जाईल. मयुरीला तेव्हाच सांगेन सगळं. एवढ्यावर वही मिटते.

आज बुधवार. पुण्याच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय, आत नंबर लागलाय.

सकाळी झालं ते तुला सांगायलाच पाहिजे. काल रंगवायचं राहून गेलं, आज तरी उरकू म्हणून चहा झाल्यावर रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. डबा हलका लागला. ब्रशचे केस पिवळे, कडक. मी म्हटलं, दुकानदारानं मेल्यानं वापरलेला ब्रश दिला. गाडीच्या मागं गेले.

अक्षरं लिहिलेली होती, दादा. सगळी. वाळलेली. 'माझा आजा विसरला. माझा बाप विसरला. माझा भाऊ विसरला.' आणि खाली एक ओळ, जी मी कधी मनात सुद्धा आणली नव्हती. 'आता बहुतेक मी.'

अक्षर माझंच. 'झ' ला मी शेपूट जास्त लांब काढते, शाळेत त्यासाठी छड्या खाल्ल्यात.

तुला खिंडीत कळलं होतं, तसं मलाही काल कधीतरी उन्हात ब्रश हातात धरून कळलं होतं. आणि मग तेही गेलं. मान खाली घातली तर परकराच्या काठावर पिवळे ठिपके होते.

मागनं मयुरी आली, हातात किल्ली. "आत्या, परत कशाला रंग काढलास? काल दुपारभर तर लिहीत होतीस. मी चहा आणून दिला तिथंच."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. दुसरा हात मारतेय, म्हणायचं. किती सोपं! कुणालाही पटलं असतं. 'गॅरेजला गेलीय' इतकंच सोपं, त्याच आवाजात आलं होतं ओठावर. ते मी गिळलं. म्हटलं, "मयुरी, म्या काल हे लिवलं, ते मला आठवत न्हाई."

आणि बांध फुटला तो फुटलाच. तू सहा वेळा विचारलंस ते, टाचण्या, नसरापूरचं गॅरेज, लाल गाठ, सगळं सांगितलं. ती जीपच्या पायरीवर बसली. रडली नाही. किल्लीच फिरवत राहिली बोटात. मला वाटलं, आता उठेल आणि तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं वाटलं असतं.

"बाबांना सांगितलंस का कधी?" तिनं विचारलं.

"वहीत लिवलंय."

"वही कोण वाचतंय?" तिनं आत जाऊन तुझा पत्र्याचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला. "माफ बिफ करायचं नंतर बघू. लई राग आलाय मला तुझा. पन बस पुढं. बाबांच्या जागंवर. आज पुण्याला जाऊन रक्त द्यायचं, तू बी आन मी बी. आन वाटंत कोण चढंल त्याला तू सांगायचं. म्या न्हाई सांगणार."

आई दारात आली. माझ्याकडं बघितलं, अक्षरांकडं बघितलं, तिला वाचता येत नाही. पण कळलं असावं, कारण ती नेहमीसारखी पुढं झाली आणि माझ्या ब्लाऊजच्या बाहीला हात घातला, उलटं करायला. मी तिचा हात धरला. "न्हाई, आई. आता न्हाई." तिनं बाही सोडली. दोघं गेलेत तिचे, आता तिसरी तिच्यासमोर उभी.

मार्गासनीला दोन बायका चढल्या, त्यातली एक माझंच गिऱ्हाईक. डबा बघून म्हणाली, "अगं बया, तू कुठं हे घिऊन बसलीस?" मी डबा मांडीवर नीट धरला. मग मी सांगितलं. आजा, अण्णा, तू. मी. ती माझ्यापासून जराशी सरकून बसली, ते मला दिसलं. उतरताना मात्र थांबली आणि हळूच विचारलं, "माझा धाकला दीर बी असंच करतोय गं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं?" मयुरीनं तिला नाव लिहून दिलं.

आत हाक मारतायत. मयुरी उठली, मला हात देतेय. निकाल यायला दिवस लागतील म्हणतात, माझा मला अंदाज आहे. तिचाही येईल, तो मात्र माझ्याच्यानं उघडवणार नाही. तेवढ्यासाठी तरी हा डबा भरत राहायला पाहिजे, तुझं बरोबर होतं. भांडण तू जिंकलास, मेल्या. सांगायला मात्र तू नाहीस.

दिलं रे रक्त, देतेच आहे. आणि तुला विचारायचं असेल तर परत विचार, सहा वेळा विचार. गाडी अंगणात नाही. गॅरेजलाही नाही. दवाखान्याच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली उभी आहे, मागचं सगळं वाचता येईल अशी. या वेळी खरं सांगतेय.